माथेरान: नेरळहून मिनी ट्रेन की दस्तुरीपर्यंत टॅक्सी?

माथेरानला मोटार जात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे खरा प्रश्न पडतो तो नेरळला लोकलमधून उतरल्यावर. एकीकडे मिनी ट्रेन उभी, दुसरीकडे टॅक्सीवाले "दस्तुरी, दस्तुरी" म्हणून बोलावतायत; दस्तुरी म्हणजे माथेरानबाहेर मोटारी जिथवर जातात तो शेवटचा थांबा. मी दोन्हींनी वर गेलो आहे.

टॅक्सीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. शेअर टॅक्सी भरली की निघते आणि अर्ध्या तासाच्या आसपास घाट चढते. मिनी ट्रेनला अडीच तासांहून जास्त लागतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर टॅक्सीच बरी. पावसाळ्यात तर दुसरा पर्यायच नसतो. नेरळ ते अमन लॉज, म्हणजे दस्तुरीजवळच्या स्टेशनापर्यंत, गाडी तेव्हा बंद असते, तिथून माथेरानपर्यंतची शटल तेवढी चालू राहते.

माझं मन टॅक्सीवरून उठलं ते चढ-उतारामुळे, घाटाच्या नव्हे, सामानाच्या. मावशी बरोबर होती. दस्तुरीला बॅगा खाली काढल्या. प्रवेशकराच्या रांगेत उभे राहिलो. तिथून अमन लॉजपर्यंत चालत. पेव्हर संपले की तांबड्या मातीत बॅगेची चाकं रुततात, मग उचलूनच न्यायची. वाटेत घोडेवाले आणि हमाल दर सांगत सोबत चालतात. त्यांचं पोटच त्यावर आहे, त्यांना बोल लावणार नाही, पण दर वेळी नको म्हणताना जीव अवघडतो. पुढे शटलच्या तिकिटाची रांग, बाकावर ताटकळणं, बॅगा डब्यात चढवणं आणि जरा टेकतो न टेकतो तोच त्या पुन्हा उतरवणं. हे सगळं जेमतेम अडीच-तीन किलोमीटरांसाठी. चालण्यापेक्षा या उठबशीनंच मावशीचे गुडघे धरले.

मिनी ट्रेनमध्ये नेरळला एकदा बसलं की थेट माथेरानच्या बाजारात उतरायचं. हा रस्ता 1907 सालचा, पीरभॉय कुटुंबानं बांधलेला. दोन फुटी रुळांवरून सुमारे 21 किलोमीटर जाताना साडेसातशे मीटरांच्या आसपास चढ चढायचा, म्हणून वळणांवर वळणं. खिडकीशी बसलात तर आपलंच इंजिन समोरच्या वळणावर आडवं जाताना दिसतं. चाकं रुळाला घासून किंचाळतात, आणि वेग इतका कमी की कारवीची पानं हाताला लागतील असं वाटतं. जुम्मापट्टी स्टेशनपर्यंत घाम असतो. पुढचं वॉटर पाइप स्टेशन मागे पडलं की वारा बदललेला कळतो. 2019 च्या पावसात हा मार्ग उखडला आणि गाडी परत धावायला ऑक्टोबर 2022 उजाडला. तेवढी वर्षं माथेरानला जाण्यातलं निम्मं सुख गेल्यासारखं मला वाटायचं.

अडचण एकच, तिकीट. फेऱ्या मोजक्या आणि डबे लहान, त्यामुळे शनिवार-रविवारी पहाटेची लोकल धरून खिडकीवर लवकर उभं राहावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांना मी आग्रह करणार नाही. पण मधल्या वारी जाता येत असेल आणि बरोबर वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर गाडीच पाहा. सकाळच्या गाडीनं पोचलात की जेवून, थोडं पडून, उन्हं कलल्यावर शार्लोट तलावाकडे सावकाश चालत जाता येतं.

उतरताना टॅक्सी घेतली तरी चालेल. तेव्हा लोकल गाठायची घाई असते.