फोंड्याकडची सायन्स हायर सेकंडरी: आमचा अनुभव

आम्ही गोव्यातले, मुलगी आता फोंड्याजवळ बारावी सायन्सला. दहावीचा निकाल लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, कुठे घालू, कसं आहे तिथे, म्हणून एकदाच नीट लिहिते. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण आधीच्या जागेबद्दल पण बोलायचंय.

आधी तिला इंटिग्रेटेडवाल्यांकडे घातलेलं, म्हणजे अकरावी-बारावी आणि जेईईचा (इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा) क्लास एकाच बिल्डिंगमध्ये. सकाळी सातला घरातून बाहेर, संध्याकाळी सहाला परत, रविवारी टेस्ट. जेईई मेनला तीन तासांत 75 प्रश्न असतात, चुकलं तर एक मार्क जातो, त्यामुळे स्पीड लागतोच आणि ते लोक तो करून घेत होते, खोटं कशाला बोलू. पण एकदा तिचं केमिस्ट्रीचं जर्नल चाळत होते, टायट्रेशनची (ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून द्रावण थेंब थेंब फ्लास्कमध्ये सोडून किती लागलं ते मोजायचा प्रयोग) तिन्ही रीडिंग्ज अगदी सारखी. म्हटलं, हात छान बसला गं तुझा. तर म्हणते, "आई, मी ब्युरेट अजून हातात घेतली नाही, रीडिंग फळ्यावर लिहून देतात." फार वाईट वाटलं मला. वर्ष वाया जाईल म्हणून घरातले सगळे ओरडले तरी नाव काढलं आणि इकडे आणलं.

इकडे पहिल्याच महिन्यात तिची रीडिंग्ज आली 9.8, 9.8 आणि 10.3. घाबरून तिसरं खोडायला गेली तर सरांनी हात धरला, "बाय, खोडू नको, ते कुठून आलं ते शोध." दोघी-तिघी मिळून अर्धा तास शोधत बसल्या. शेवटी कळलं की ब्युरेटच्या खालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलेला, तो मधेच निघून गेला आणि त्याची जागा द्रावणाने घेतली, म्हणून प्रत्यक्षात फ्लास्कमध्ये गेलं त्यापेक्षा रीडिंग जास्त दिसलं. घरी आली ती हेच सांगत, जेवताना पण तेच, आणि आता ब्युरेट भरली की आधी थोडं सोडून टोक बघते. हे तिला कुणी पाठ करून दिलेलं नाही.

बायोलॉजीच्या टीचरनी गणेश चवथीच्या सुट्टीत काय दिलं माहितीये? आपल्या घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या लाकडी चौकटीला, जी जी रानफळं-पानं बांधलीत त्यांची यादी, शास्त्रीय नावासकट, आणि ती कुठल्या रानातून आणली ते. माझे वडील सत्तरी तालुक्यात असतात, मुलगी त्यांच्या मागे मागे फिरली, कांगोणीची वेल कुठे चढते, कधी पिकते सगळं विचारत. सेलास्ट्रस पॅनिक्युलाटस हे कांगोणीचं नाव आता आजोबांना पण येतं!

मुलांचं आपसात पण चांगलं आहे. बारावीची मुलं जेवणाच्या सुट्टीत अकरावीच्यांना फिजिक्सची गणितं समजावतात, नोट्स लपवत नाहीत. मराठी-कोकणीत शिकून आलेल्यांना इंग्लिश टर्म अडल्या तर सर सरळ आपल्या भाषेत सांगतात, वर्गात कुणी हसत नाही. जवळच फर्मागुडीला 2016 पासून आयआयटी आहे, मुलं येता-जाता बघतात, तिथे जायचं म्हणतात, पण मार्कांवरून एकमेकांना टोचणं मी तरी ऐकलं नाही.

कमी काय? कॉम्प्युटर लॅब जुनी, दोघांत एक मशीन. हॉस्टेल नाही. पावसात कदंबाची (सरकारी) बस चुकली की पहिला पिरियड गेला. जेईईसाठी वेगळा क्लास लावावा लागतो, तो खर्च धरूनच चला, आम्ही आठवड्यातून तीन दिवसांचा लावलाय.

ॲडमिशनला जाल तेव्हा ऑफिसात निकालाचा बोर्ड बघून परत फिरू नका. प्रॅक्टिकलच्या वेळेला जा आणि चार मुलांची जर्नल्स मागून बघा, सगळ्यांचा आकडा एकच असेल तर विचारा का.