लाडाचं नाव थेट दाखल्यावर? आधी या दोन संकेतस्थळांवर तपासा

मुलीला हाक एली मारायची, पण जन्मदाखल्यावर एलेनॉर लिहायचं की तिथेही एलीच? हा प्रश्न पडला की आई-बाप बाळनावांच्या याद्या उघडतात. यादीत एली सापडतं, शेजारी 'प्रकाश' असा अर्थ ठोकून दिलेला असतो, पण हे नाव मोठ्या बाईच्या अंगावर एकट्यानं शोभतं का याचं उत्तर तिथे नसतं. ते शोधायला दोन ठिकाणं खरोखर कामाची आहेत: बिहाइंड द नेम हा नावांचा कोश आणि अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे तिथल्या सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्याचं, बाळनावांचं पान. दोन्ही मोफत आहेत आणि नाव पाहायला खातं उघडावं लागत नाही. मात्र दोन्हींचं काम वेगळं आहे. एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा ठेवली की फसगत होते.

सुरुवात कोशापासून करावी. बिहाइंड द नेम १९९६ पासून चालू आहे. एखाद्या नावाच्या पानावर ते कुठल्या भाषेत चालतं, कसं उच्चारतात, कुठून आलं आणि त्याची लघुरूपं व भावंडं कोणती, हे सगळं एकत्र मिळतं. आपल्या कामाची ओळ एकच: हे लाडाचं रूप आहे का, आणि असेल तर कुणाचं? एली एलेनॉरचंही आहे, एलेनचंही आणि 'एल'नं सुरू होणाऱ्या इतर नावांचंही. म्हणजे याद्यांतला 'प्रकाश' हा अर्थ एलीचा स्वतःचा नाही, मूळ नाव कोणतं धरलं त्यावर तो अवलंबून आहे. नॅन्सीची गोष्ट आणखी मजेची. मध्ययुगात ते ॲनिसचं, म्हणजे ॲग्नेसच्या एका रूपाचं, लाडाचं नाव होतं. अठराव्या शतकापासून ते ॲनचं झालं, आणि आज कुणाला त्यामागे दुसरं नाव आहे असं वाटतही नाही. डेझी तर मार्गारेटची. फ्रेंचमध्ये मार्गरीट म्हणजे डेझीचं फूल, त्यावरून हे नातं जुळलं.

हे वाचताना मराठी वाचकाला एक धक्का बसतो. सोनिया, तान्या, नताशा, रीटा ही नावं आपल्याला पूर्ण वाटतात, पण ती सगळी मुळात लाडाचीच आहेत. सोनिया सोफियाची, तान्या तात्यानाची, नताशा नतालियाची आणि रीटा मार्गारीटाची. रशियात तान्या ही घरातली हाक, कागदावर तात्यानाच लागते. तेच नाव दुसऱ्या भाषेत गेलं की मागचा धागा तुटतो आणि ते पूर्ण होऊन बसतं. मिया, लोला आणि हायडी यांचंही असंच. मिया स्कँडिनेव्हियात मारियाचं लघुरूप, लोला स्पॅनिशमध्ये डोलोरेसचं, हायडी जर्मन आडेलहाइडचं. तेव्हा नाव निवडताना पहिला प्रश्न हा असावा: मुलगी ज्यांच्यात वाढणार आहे त्यांच्या कानाला मूळ नाव ऐकू येतं का? येत नसेल, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

कोशात एक जागा जपून वापरावी. वाचकांनी पाठवलेल्या नावांचा विभाग वेगळा आहे आणि त्यातल्या व्युत्पत्तींवर मुख्य कोशाइतका भरवसा ठेवू नये. शोध घेतल्यावर आपण कुठल्या विभागात आहोत ते आधी पाहावं. वाचकांच्या गुणांकनाचे रकाने तर सरळ सोडून द्यावेत. नाव गोड वाटतं का, हे अनोळखी माणसांच्या मतांवर ठरवण्यासारखं नाही.

आता दुसरं पान, जे या प्रश्नासाठी सर्वात मोलाचं आहे. सोशल सिक्युरिटीची आकडेवारी त्या खात्याच्या कार्डाच्या अर्जावरच्या पहिल्या नावाच्या रकान्यातून येते आणि १८८० च्या जन्मांपासून उपलब्ध आहे. म्हणजे तिथे मोजलेली प्रत्येक एली कागदावर एली आहे. कागदावर एलेनॉर असून घरी एली असलेली मुलगी त्यात धरलेली नाही. 'हे नाव एकट्यानं चालतं का' या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर देणारी दुसरी सोय सहज मिळत नाही.

पाहायचं काय, तर आजचा क्रमांक नव्हे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा पाहावा. त्या वर्षी हे नाव कागदावर घेऊन जन्मलेल्या मुली आज बँकेत, दवाखान्यात, न्यायालयात काम करतात, आणि त्या पुरेशा असतील तर तुमच्या मुलीला 'बरं, पण पूर्ण नाव काय?' असं कुणी विचारणार नाही. लिसा हे याचं ठळक उदाहरण. एलिझाबेथचं हे लघुरूप १९६२ ते १९६९ अशी सलग आठ वर्षं अमेरिकेत मुलींच्या यादीत पहिलं होतं. त्यानंतर लिसाच्या मागे एलिझाबेथ शोधायची गरजच उरली नाही. त्याआधी बेटी १९२८ ते १९३४ दुसऱ्या क्रमांकावर होती, तीही एलिझाबेथच्याच घरातली. उलट एखादं नाव दहा वर्षांपूर्वी शून्यातून वर आलं असेल, तर ते धारण करणाऱ्या सगळ्या अजून लहान आहेत. ते वाईट नाही, पण तुमची मुलगी पहिल्या तुकडीतली असेल हे माहीत असावं.

क्रमांकापेक्षा टक्केवारी बघा, हा आमचा आग्रह. वर्षाची यादी मागवताना टक्केवारीचा पर्याय तिथेच निवडता येतो. साठच्या दशकात पहिल्या क्रमांकावरची लिसा शंभर मुलींत साधारण तिघींना मिळत होती. आजच्या पहिल्या नावाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. 'पहिल्या दहात आहे, वर्गात चार निघतील' ही धास्ती म्हणूनच जुन्या काळातली आहे.

अडचणी आहेत, आणि त्या नीट समजून घेतल्या नाहीत तर आकडे उलटं सांगतात. सर्वात मोठी म्हणजे प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजलं जातं. सोनियाची आय, वाय आणि जे अशी तीन रूपं तीन जागी सापडतात. मिलीचं 'आयई' वेगळं, 'वाय' वेगळं. बेरीज तुम्हालाच करावी लागते, आणि ती केल्याशिवाय कुठलंही लाडाचं नाव असतं त्यापेक्षा दुर्मीळ दिसतं, कारण स्पेलिंग बदलत राहण्याची खोड अशाच नावांना जास्त. जोडरेघ आणि मोकळी जागा मात्र काढून टाकतात, त्यामुळे 'ज्युली-ॲन' आणि 'ज्युली ॲन' एकत्रच मोजली जातात.

दुसरी अडचण अशी की पानावरचा शोध फक्त पहिल्या हजारात असलेली नावं दाखवतो. नाव सापडलं नाही म्हणून ते कुणी ठेवतच नाही असा निष्कर्ष काढू नका. त्याच संकेतस्थळावर पूर्ण माहितीची झिप फाईल आहे, तीत दरवर्षाची एक साधी टेक्स्ट फाईल मिळते. ओळीत नाव, लिंग आणि संख्या स्वल्पविरामानं तोडलेली असतात, आधी मुली, मग मुलगे. स्प्रेडशीटमध्ये उघडून गाळणी लावली की दोन मिनिटांत हवी ती ओळ हाती येते. इथेही वर्षात पाचपेक्षा कमी वेळा आलेलं नाव गोपनीयतेसाठी गाळलेलं असतं. जुन्या वर्षांचे आकडे जरा सैल धरावेत, कारण १९३७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी कार्डासाठी अर्जच केला नव्हता.

तिसरी बाब छोटी, पण नेमकी आपल्या विषयातली. नोंदी जशा आल्या तशाच ठेवतात, त्यामुळे 'बेबी' आणि 'अननोन' यादीत तशीच राहतात. बेबी हे कुणाचं खरं नाव असू शकतं आणि नाव न ठरल्यामुळे भरलेला शब्दही असू शकतो. तो आकडा वापरू नये.

आणि एक गोष्ट ही आकडेवारी सांगूच शकत नाही: हाकेत किती एली आहेत. कागदावरच्या एलीच्या आसपास एलेनॉर, एलेन, एलिझाबेथ यांच्याही एली असतात. तेव्हा वर्गात नाव किती वेळा ऐकू येईल याचा अंदाज हवा असेल, तर कोशातून मूळ नावांची यादी काढून त्या सगळ्यांचे आकडे शेजारी मांडावे लागतात. दोन्ही संकेतस्थळं एकत्र वापरायची ती इथे.

ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय इंग्लंड आणि वेल्समधल्या १९९६ पासूनच्या नावांचे तक्ते देतं, तेही पडताळणीला चांगले. एव्ही, मिली, एल्सी, रोझी अशी नावं तिथे दाखल्यावर सर्रास दिसतात. तिथे तीनपेक्षा कमी वेळा आलेलं नावच गाळतात, म्हणून दुर्मीळ नाव अमेरिकेच्या फाईलपेक्षा तिथे दिसण्याची शक्यता थोडी जास्त.

पडताळणीनंतर नाव डळमळीत निघालं, म्हणजे मूळ नाव सगळ्यांना ऐकू येतं, शेवटी 'ई'चा लाडिक सूर आहे आणि मोठ्या बायकांत ते फारसं नाही, तर सोडून देण्याची गरज नाही. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं नव्हे तर मुलीचं स्वतःचं दुसरं नाव, पूर्ण वजनाचं निवडावं. खरा त्रास होतो तो कुणीतरी परस्पर 'दुरुस्ती' करून रोझीचं रोझमेरी लिहिल्यानं. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं नाव उमटलं की ते सरळ करायला वर्षं जातात. पहिल्या कागदापासून प्रत्येक अर्जाची प्रत हातात घेऊन नाव अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं, आणि कुणी पूर्ण नाव विचारलं तर 'रोझी हेच' एवढंच सांगावं.

सोशल सिक्युरिटीचे ताजे आकडे दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास येतात आणि ते आदल्या वर्षीच्या जन्मांचे असतात. नाव ठरवायची वेळ एप्रिलमध्ये आली असेल, तर तुमच्यासमोरची यादी त्याच्याही आधीच्या वर्षाची आहे हे लक्षात घ्या.