मोटरहोममध्ये पासपोर्ट आणि रोकड कुठे ठेवावी: सीटखालची तिजोरी की पोलादी जाळीची पिशवी?

युरोपात मोटरहोमने, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेल्या गाडीने, हिंडणाऱ्या भारतीय कुटुंबापुढे मौल्यवान वस्तूंच्या बाबतीत शेवटी दोनच गंभीर पर्याय उरतात, असे माझे मत झाले आहे. एक म्हणजे पुढच्या सीटच्या बैठकीत, म्हणजे सीटखालच्या चौकटीत, बोल्टने जखडलेली पोलादी तिजोरी, आणि दुसरा म्हणजे कापडाच्या आत तारेची जाळी असलेली, केबलने गाडीच्या सांगाड्याला बांधून ठेवायची पिशवी. जर्मनीत राहत असताना हे दोन्ही मी एकाच गाडीत, एकामागून एक वापरले आहेत. आता माझ्याकडे त्यांतला एकच उरला आहे. तरीही ज्याच्या प्रवासाची रीत वेगळी, त्याचा निर्णय वेगळा ठरू शकतो, हे मान्य करूनच पुढचे लिहितो आहे.

युरोपातील मोटरहोमपैकी फार मोठा हिस्सा फियाट डुकाटो या व्हॅनवर बांधलेला असतो आणि पुझो बॉक्सर व सित्रोएन जम्पर ही त्याचीच सख्खी भावंडे आहेत, त्यामुळे एका गाडीचे दार उघडायला शिकलेल्या माणसाला वाहनतळावरच्या बहुतेक गाड्या उघडता येतात. पुढच्या दाराच्या मुठीजवळ स्क्रू-ड्रायव्हर ठोकून कुलूप उघडण्याची पद्धत इतकी जुनी आणि परिचित आहे की त्या जागी बसवायच्या संरक्षक पट्ट्या बाजारात सर्रास मिळतात. निवासी भागाच्या खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या एका हिसक्यात तुटतात. म्हणजे आत शिरणे अवघड नाही. मात्र आत शिरलेल्याकडे वेळ नसतो. तो ड्रॉवर उपसतो, गादी उचलतो, वरची कपाटे चाळतो आणि हाताला लागेल ते घेऊन निघतो. त्याची ती काही मिनिटे निभावून नेणे एवढेच आपल्या तिजोरीचे किंवा पिशवीचे काम आहे, आणि ते दोन्ही बऱ्यापैकी करतात. म्हणूनच पोलादाची जाडी आणि बोल्टांची संख्या यांवर दुकानांतून जी चर्चा चालते, तिला मी फारसे महत्त्व देत नाही. अवजारे घेऊन सावकाश आलेल्या माणसापुढे दोन्हींचे फारसे चालणार नाही.

वाचवायचे नेमके काय, याचा विचार मात्र आपण भारतीयांनी स्थानिक लोकांपेक्षा वेगळा करायला हवा. जर्मन शेजाऱ्याचे ओळखपत्र चोरीला गेले तर त्याची सहल बिघडते. आपला पासपोर्ट गेला तर पुढचे कित्येक आठवडे बिघडतात. आपला दूतावास तातडीने देतो ते इमर्जन्सी सर्टिफिकेट भारतात परतण्याच्या एकेरी प्रवासासाठी असते, त्यावर पुढची सहल होत नाही. नवा पासपोर्ट हवा तर पोलिसांचा अहवाल, दूतावासाची फेरी आणि पडताळणीची प्रतीक्षा आली, आणि जुन्या पासपोर्टवर चिकटवलेला शेंगेन व्हिसा तर त्याच्याबरोबरच गेलेला असतो. पुण्याहून किंवा नाशिकहून आलेले आईवडील बरोबर असतील तर ही अडचण किती वाढेल, याची कल्पना करता येईल. त्यामुळे माझ्या हिशेबात पासपोर्ट सर्वांत आधी, मग रोकड आणि कार्डे, आणि कॅमेरा व लॅपटॉप त्यानंतर.

सीटखालच्या तिजोरीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. ती दिसत नाही, ती जागा अन्यथा वायाच जाते, आणि सीट ज्या बोल्टांवर उभी असते त्यांच्याशीच ती जोडलेली असल्याने उपटून नेणे जवळजवळ अशक्य असते. बसवून घेण्यासह काही शे युरो पडतात, पण एकदा बसवली की गाडी विकेपर्यंत पाहावे लागत नाही. अडचणी लहान आहेत: कित्येक गाड्यांत सीटखाली निवासी भागाची बॅटरी आधीच बसलेली असते, तेव्हा प्रथम तिथे वाकून पाहावे. जागा नसेल तर विक्रेते कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी तिजोरी बसवायला सुचवतात. त्यासाठी गाडीच्या जमिनीला छिद्रे पाडावी लागतात. ती जमीन म्हणजे प्लायवूड, फोम आणि खाली फायबरचा थर असल्यामुळे बोल्टाखाली रुंद पत्रा दिला नाही तर बोल्ट फोमात रुततो, आणि छिद्रातून पाणी शिरले तर गाडीच्या ओलाव्याविरुद्धच्या हमीचा प्रश्न उभा राहतो. शिवाय साध्या परवान्यावर चालवता येणाऱ्या गाडीची वजनमर्यादा ३,५०० किलो असते. पाण्याची टाकी, सायकली आणि चार माणसे घेतल्यावर जे थोडे वजन शिल्लक राहते, त्यातले दहा-बारा किलो तिजोरीला द्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या सगळ्याला मी एकवेळ तयार होतो, आणि माझी तिजोरी उत्तमच होती. पण एका गोष्टीने मला इतके सतावले की शेवटी मी ती काढून टाकली. ती गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते, म्हणून सविस्तर सांगतो.

मोटरहोमच्या पुढच्या सीट संध्याकाळी मागे वळवून टेबलाकडे तोंड करून ठेवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सीट वळते, पण तिची बैठक जागच्या जागी असते. माझ्या तिजोरीचे दार निवासी भागाच्या बाजूला उघडत असे, आणि दिवसा, गाडी उभी करून सीट सरळ असताना, ते अगदी सोयीचे होते. सीट वळवली की मात्र बसणाऱ्याचे पाय नेमके त्या दारापुढे येत, आणि पायांच्या पुढे टेबल. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आपण कॅम्पसाइटवर पोहोचतो, रिसेप्शनवरची बाई सध्या जेवायला गेली आहे असे समजते, म्हणून आपण गाडी लावून घेतो. सीट वळते, चहा ठेवला जातो, वळवलेल्या सीटवर आई येऊन बसतात, मुले टेबलावर पत्ते मांडतात. तेवढ्यात रिसेप्शन उघडते आणि सर्वांचे पासपोर्ट मागितले जातात. इटलीत प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांकडे कळवावी लागते आणि स्पेनमध्येही डिसेंबर २०२४ पासून मुक्कामाच्या नोंदी अधिक तपशिलाने घेतल्या जातात, त्यामुळे ‘उद्या दाखवतो’ असे म्हणून भागत नाही. मग आईंना उठवायचे, टेबल सरकवायचे, जमिनीवर गुडघे टेकून टॉर्चच्या उजेडात आकडे दाबायचे, पाच पासपोर्ट काढायचे. आणि परत आल्यावर हेच सगळे उलट क्रमाने. दुसऱ्या दिवशी नवे गाव, नवी कॅम्पसाइट.

याचा परिणाम काय होतो, तर काही दिवसांत पासपोर्ट तिजोरीत परत जाणे बंद होते. ‘सकाळी ठेवू’ म्हणून ते चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये पडतात, म्हणजे चोर जिथे सर्वांत आधी हात घालतो तिथेच, आणि काही शे युरोंची तिजोरी पायाखाली रिकामी राहते. दोष पोलादाचा नव्हता, दाराच्या दिशेचा होता. पण माझ्या गाडीत ती दिशा बदलणे शक्य नव्हते. ज्यांच्या बैठकीत दार चालकाच्या दरवाजाकडे किंवा पुढच्या बाजूला उघडते, त्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. आकडे दाबायच्या तिजोरीची आणखी एक गंमत आहे. तिच्यासोबत आणीबाणीची किल्ली येते आणि ती कुठे ठेवायची हे कोणालाच सुचत नाही. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ती सुरक्षित राहावी म्हणून तिजोरीतच ठेवली होती.

पिशवीकडे वळताना प्रथम तिचे उणे सांगतो, म्हणजे मी पक्षपाती आहे असा संशय थोडा कमी होईल. सुरीने ती फाटत नाही, पण तार कापायच्या मोठ्या कातरीपुढे तिची केबल टिकणार नाही. ती दिसली की तिच्यात काहीतरी मोलाचे आहे हे जाहीरच होते. पावसापाण्यापासून आणि आगीपासून ती काहीच वाचवत नाही. आणि लॅपटॉप मावेल एवढी मोठी पिशवी घेतली तर ती लपवायला जागा शोधावी लागते, लहान घेतली तर लॅपटॉप बाहेर राहतो. तुलनाच करायची तर ताकदीत तिजोरी पुढे आहे, याबद्दल वाद नाही.

तरीही गेली काही वर्षे आमच्या गाडीत पिशवीच आहे. सीटबेल्ट असलेल्या मागच्या बाकाच्या आत पोलादी सांगाडा असतो. केबलचा वेढा त्याला एकदाच दिला आणि तिचे टोक शेजारच्या, दाराजवळच्या चपलांच्या कप्प्यात काढले. पिशवी जुन्या बुटांच्या मागे पडून असते. रिसेप्शनवर जायचे असले तर पायरीवर उभे राहूनच कुलूप उघडता येते, कोणाला उठवावे लागत नाही, आणि म्हणूनच परत आल्यावर पासपोर्ट पुन्हा तिच्यात जातात. पाहायला गेले तर एवढाच फरक आहे, पण माझ्यासाठी तो पुरेसा ठरला.

दुसरा फायदा मला जहाजावर कळला. फेरीबोटीत गाडी लावल्यावर प्रवासभर गाड्यांचा मजला बहुधा बंद ठेवतात, म्हणून मोलाच्या वस्तू वर न्याव्या लागतात. तिजोरी असताना मागून हॉर्न वाजत असत आणि आम्ही एकेक वस्तू काढून दुसऱ्या पिशवीत भरत असू, आणि वर गेल्यावर काय राहिले याची उजळणी करत असू. आता केबल सोडायची आणि पिशवी खांद्याला लावायची. वर खुर्चीच्या पायाला ती पुन्हा बांधता येते, म्हणजे रात्री डोळा लागला तरी चालते.

भाड्याच्या गाडीबद्दल तर वेगळे लिहिण्याची गरज नाही. जिथे एक स्क्रूही लावता येत नाही तिथे पिशवीच योग्य, आणि ती मुंबईहून विमानाने येताना बॅगेत घालून आणता येते.

राहिले ते दोन जुने उपाय. चोरकप्पे करणे, म्हणजे दुहेरी जमिनीत, फळीच्या मागे किंवा धान्याच्या डब्यात वस्तू लपवणे, हा बिनखर्चाचा आणि बरा उपाय आहे, पण तो राखीव रोकडीसाठी. रोज लागणारी वस्तू लपवली की ती लपलेली राहत नाही. अंगावर बाळगणे हा शहरातला सर्वांत चांगला मार्ग, मात्र बार्सिलोना किंवा रोमच्या मेट्रोत खिसा म्हणजे तिजोरी नव्हे, आणि सगळे पासपोर्ट एकाच माणसाजवळ असू नयेत. आम्ही ते दोघांत वाटून शर्टाच्या आत बाळगतो आणि उरलेले सामान पिशवीत राहते. दागिन्यांबद्दल एवढेच म्हणेन की मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या सोडल्यास बाकीचे घरच्या लॉकरमध्येच असावे. त्यांच्यासाठी गाडीत सोय शोधू नये.

जाताजाता एक अफवा: झोपलेल्या प्रवाशांना गॅस सोडून बेशुद्ध करतात आणि मग चोरी करतात, असे बरेच जण सांगतात. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने ही निव्वळ दंतकथा असल्याचे मत दिले आहे, तेव्हा तसल्या गॅससूचकावर पैसे खर्च करण्यापेक्षा पुढच्या दारांना आतून जादा कुलूप लावून घ्यावे. खरा धोका बहुधा दिवसाउजेडी असतो. ब्रिटिश सरकार स्पेनला जाणाऱ्या आपल्या नागरिकांना अशा टोळ्यांबद्दल सावध करते, ज्या परदेशी क्रमांकाच्या आणि भाड्याच्या गाड्यांना ‘तुमच्या गाडीत बिघाड आहे’ असे खुणावून थांबायला लावतात. आपण चाक पाहायला उतरलो की दुसऱ्या बाजूने सीटवरची बॅग जाते. अशा वेळी तिजोरी आणि बांधलेली पिशवी दोन्ही सारख्याच उपयोगी. सीटवर मोकळी ठेवलेली पर्स तेवढी जाणार.

विम्याच्या भरवशावर यांतले काहीही टाळू नये. जर्मनीत गाडीचा कास्को विमा गाडी आणि तिला जोडलेले भाग यांच्यासाठी असतो, आतल्या कॅमेऱ्यासाठी नाही. आणि भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात पासपोर्टचा खर्च मिळत असला तरी पोलिसांचा अहवाल मागतातच.

स्वतःची गाडी, दोनच माणसे, एकाच ठिकाणी दीर्घ मुक्काम आणि बरोबर महागडा कॅमेरा असा प्रवास असेल, तर तिजोरीचा विचार अवश्य करावा, फक्त दार कोणत्या दिशेला उघडते ते सीट वळवून, तिच्यावर कोणाला तरी बसवून पाहावे. रोज नवे गाव, बरोबर वडीलधारी माणसे आणि मुले असतील, तर मी पिशवीच सुचवीन. ती विकत घेताना कुलूप लावून तिच्या तोंडात बोटे घालून पाहावीत. पासपोर्ट ओढून काढता येईल एवढी फट राहत असेल तर ती तशीच दुकानात ठेवावी. आणि केबल टेबलाच्या पायाला कधीही बांधू नये, कारण बऱ्याच मोटरहोममध्ये तो पाय नुसत्या हाताने उपसून निघतो.