दिवाळी ते गणपती: घर स्मार्ट करताना काय टिकलं, काय हलवावं लागलं

गेल्या दिवाळीत घरातली उपकरणं फोनवरून आणि आपोआप चालवणारं पहिलं मॉड्यूल बसवलं, आता गणपती होऊन गेले. थंडी, उन्हाळा, वळीव आणि जवळजवळ सगळा पावसाळा या यंत्रणेने पाहिला, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. घर नाशिकचं, जुनं, तळमजला आणि वर एक मजला. राहणारे आई, बाबा, मी आणि माझी शाळकरी मुलगी. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करते. हे मुद्दाम सांगते, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण वायरी सोलण्यात तरबेज असतात आणि नवख्या माणसाला ते वाचून धडकीच भरते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सुरुवात बोलणाऱ्या स्पीकरने किंवा रंगीत बल्बने करू नका. घरात रोज कोणाच्या तरी डोक्याला ताप देणारं एक काम शोधा आणि आधी तेवढंच करा. आमच्याकडे ते काम होतं पाण्याची मोटर.

नळाला पाणी पहाटे येतं, हौदात साठतं आणि तिथून एक एचपीची मोटर ते गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवते. मोटर लावायची आठवण सगळ्यांना असते, बंद करायची कोणालाच नसते. गच्चीतून धार लागली की शेजारच्या काकू हाक मारायच्या. बाबांचा गुडघा दुखतो, तरी टाकीत डोकावायला तेच जिना चढायचे. पाणी वाया जातंय याचा त्यांना फार त्रास व्हायचा, आणि मलाही.

अशा कामाला बरेच जण स्मार्ट प्लग आणतात आणि मोटर थेट त्यात जोडतात. तसं करू नये. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्या झटक्याने प्लगमधल्या इवल्याशा रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटून बसू शकतात. मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं आणि खाली मोटर चालूच राहते. आमच्या वायरमनने मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच, घातला. झिगबीचं (म्हणजे घरातली उपकरणं ज्या बिनतारी पद्धतीने एकमेकांशी बोलतात तिचं) छोटं मॉड्यूल फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला, म्हणजे त्याला ओढणाऱ्या चुंबकाला, वीज देतं आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे ना, हे त्याला आधी विचारा. पाणी आणि वीज एकत्र आहेत, इथे काटकसर नको.

दुसरी गोष्ट फ्लोटची, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, आम्ही कॉइलच्या वायरमध्येच, सिरीजमध्ये टाकला. टाकी भरली की फ्लोट वर उचलला जातो, कॉइलची वीज तुटते आणि मोटर थांबते. या साखळीत वाय-फाय नाही, ॲप नाही, सर्व्हर नाही. ऑटोमेशन त्याच्या वर बसतं: पहाटे ठरल्या वेळी मोटर लावायची आणि अर्ध्या तासात टाकी भरली नाही तर बंद करून माझ्या फोनवर कळवायचं. ऑटोमेशन झोपलं तरी टाकी वाहत नाही. पॅनेलवर ‘ऑटो – बंद – मॅन्युअल’ असा तीन जागांचा स्विचही आहे. बाबांना वाटलं की ते तो मॅन्युअलवर टाकतात, फ्लोट तेव्हाही आपलं काम करतोच.

मोटरच्या वायरभोवती एक क्लॅम्पवाला वीजमापक लावला आहे. त्याने जे दाखवलं ते पाहून मी थक्क झाले. मोटर पाणी चढवत असते तेव्हा आकडा हजार वॉटच्या आसपास असतो. हौद आटला आणि मोटर कोरडी फिरायला लागली की तो झपकन खाली येतो. टाकी भरून फ्लोटने वीज तोडली की शून्य. म्हणजे एकही जास्तीचा सेन्सर न लावता तीन गोष्टी कळतात: चाललंय, कोरडं आहे, भरलं. कोरडी फिरते आहे असं वीस सेकंद दिसलं की मोटर बंद करायची, असा नियम केला आहे. उन्हाळ्यात पाणी कमी दाबाने येत होतं तेव्हा या नियमाने मोटर वाचवली. कोरडी फिरली की पंपाचं सील आधी जातं, आणि मग दुरुस्तीचा खर्च.

मोटर मार्गी लागल्यावरच दिव्यांकडे वळले.

दिव्यांच्या बाबतीत एकच निर्णय महत्त्वाचा: बल्ब स्मार्ट घ्यायचा की स्विच? आपल्या घरांत माझं उत्तर ठामपणे स्विच. स्मार्ट बल्बला सतत वीज लागते, आणि खोलीतून बाहेर पडताना बटण दाबायची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. आईने बटण बंद केलं की बल्ब मेला, मग फोनवरून काहीही करा. शिवाय झिगबीत कायम विजेवर असलेली उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, त्यातलं एक मध्येच बंद झालं तर त्याच्यामागचे सेन्सरही हरवतात. स्विचबोर्डच्या मागे बसणारं मॉड्यूल घेतलं तर बटण पूर्वीसारखंच चालतं आणि फोनही चालतो. आईला या घरात काही बदललंय हे सांगावं लागलं नाही, याचं मला फार समाधान आहे.

मॉड्यूल घेण्याआधी बोर्ड उघडून दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, जी या मॉड्यूलना लागते. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच. नुसत्या बटणांच्या बोर्डात पुष्कळदा फक्त फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरचा, लूप फिरवलेला असतो. आमच्या जिन्याच्या टू-वे स्विचला न्यूट्रल नव्हती. वायरमन म्हणाला, “ताई, इथे भिंत फोडण्यापेक्षा हा दिवा साधाच राहू द्या,” आणि मी ते ऐकलं. दुसरी गोष्ट, भिंतीतला डबा. जुन्या घरांत तो पत्र्याचा असतो, आणि पत्र्याच्या डब्यात रेडिओचा सिग्नल गुदमरतो. वरच्या मजल्यावरचं एक मॉड्यूल सारखं तुटत होतं, ते शेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सरकवल्यावर सुरळीत चाललं. हे कोणत्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

पंख्यांचं थोडक्यात. साधं मॉड्यूल पंखा फक्त चालू-बंद करतं, वेग बदलत नाही. वेग हवा असेल तर पंख्यासाठीचं वेगळं मॉड्यूल लागतं. पंखा जुनाच झाला असेल तर सरळ बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, घ्या. साधा पंखा साधारण ७५ वॉट खातो, हा तिशीच्या घरात. उन्हाळाभर दिवसरात्र चालणाऱ्या पंख्यात हा फरक बिलात दिसतो. फक्त त्याच्या लाइनवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकायचा.

आता या सगळ्याचं डोकं. मी होम असिस्टंट वापरते. २०१३ साली सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं, माझ्याकडे ते रास्पबेरी पायवर आहे. वीज साधारण ५ वॉट, म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. त्याला झिगबीचा यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकात खोचायचा छोटा रेडिओ, लावला आहे. डोंगल थेट खोचू नका, एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर वापरा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि झिगबीही तिथेच बोलतं. वाय-फायही त्याच पट्ट्यात, म्हणून मी झिगबीला २५ नंबरचं चॅनेल दिलं. राउटर एक, सहा किंवा अकरा नंबरवर असला तरी तिथे गर्दी कमी असते. एवढ्या दोन गोष्टींनी सेन्सर हरवण्याची तक्रार जवळजवळ संपली.

हा खटाटोप कशाला, नुसतं कंपनीचं ॲप का नको, असं बहीण विचारते. गिझरला मी आधी एका कंपनीचा वाय-फाय प्लग लावला होता. ऐन थंडीत त्या कंपनीचा सर्व्हर एकदा सकाळभर बंद पडला. घरात वीज होती, इंटरनेट होतं, आणि गिझर वेळेवर लागला नाही. सर्व्हर परत तरी आला. २०१६ साली रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातली उपकरणं चालवणारा हब त्याच्या मालक कंपनीने कायमचा बंद केला, २०२२च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर एकाएकी थांबले, आणि लोकांच्या भिंतींवरची चांगली चालणारी उपकरणं अडून बसली. आपल्या घरातल्या दिव्याचा हुकूम परदेशातल्या संगणकाला विचारून यावा, हे मला मुळात पटत नाही. म्हणून खरेदी करताना माझा पहिला प्रश्न असतो: इंटरनेट नसताना हे चालेल का? झिगबी चालतं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडणारं, २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं मॅटर हे मानकही घरातल्या घरात चालावं असंच बेतलेलं आहे. खोक्यावर त्याचं चिन्ह असेल तर बिनधास्त घ्या. बोर्डामागच्या मॉड्यूलमध्ये मात्र मला झिगबीचेच पर्याय जास्त आणि स्वस्त मिळाले.

गिझरचा हिशोब सांगते, कारण त्यात खरी बचत आहे. आमचा गिझर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा. वीस अंशांचं पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला साधारण ०.७ युनिट आणि वीस-बावीस मिनिटं लागतात. त्यापुढे चालू ठेवला तर तो फक्त निवत जाणारं पाणी पुन्हा तापवत बसतो. अर्ध्या तासाने आपोआप बंद, एवढा एकच नियम आहे. याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. २ किलोवॉटला नऊ-एक अँपिअर लागतात, ३ किलोवॉटला तेरा. स्वस्तातला १० अँपिअरचा प्लग इथे तापून वितळू शकतो.

वीज जाण्याबद्दल परदेशी व्हिडिओंत कोणी बोलत नाही, आणि आपल्याकडे तोच रोजचा विषय. मध्यरात्री वीज जाऊन परत आली की कित्येक स्मार्ट दिवे पूर्ण उजेडात लागतात, कारण कारखान्यातून ते तसेच येतात. बऱ्याच उपकरणांत ‘वीज आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते. ती दिव्यांना ‘पूर्वीसारखं’ आणि मोटर-गिझरला ‘बंद’ अशी ठेवा, आणि पहिल्याच दिवशी ठेवा. राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. पायचं मेमरी कार्ड सारखी वीज तुटल्याने खराब होतं, म्हणून मी त्याला छोटी एसएसडी लावली आणि बॅकअप दर आठवड्याला दुसरीकडे जातो.

सेन्सरपैकी दारावरचा सेन्सर आणि बाथरूममधला हालचालीचा सेन्सर उत्तम. बटणाएवढ्या सेलवर महिनोन्‌महिने चालतात. हालचालीचा साधा सेन्सर माणूस स्थिर बसला की ‘कोणी नाही’ असं समजतो. त्यावर उपाय म्हणून रडारचा सेन्सर येतो, तो श्वासाइतकी हालचालही टिपतो. पण हॉलमध्ये आमचा छताचा पंखा बारा महिने फिरतो, आणि रडारला पंखाही माणूस वाटतो. संवेदनशीलता कमी केली तर आरामखुर्चीत पेपर वाचणारे बाबा त्याला दिसेनात. तो सेन्सर आता पंखा नसलेल्या कोठीच्या खोलीत आहे आणि तिथे चोख काम करतो.

बोलून हुकूम देण्याचा आमच्या घरात फार उपयोग झाला नाही. अलेक्साला इंग्रजी आणि हिंदी येतं, आणि आईला घरात हिंदी बोलायला अवघडल्यासारखं होतं. मुलगी वापरते. होम असिस्टंटमध्ये उपकरणांची नावं देवनागरीत ठेवता येतात, ‘देवघर’, ‘माजघर’, ‘गच्चीची टाकी’ अशी. फोनच्या पडद्यावर ही नावं दिसल्यापासून आई स्वतःहून ॲप उघडते. देवघराचा आणि अंगणातला दिवा सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी लागतो. सूर्यास्त आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या आतबाहेर आणि जुलैत सव्वासातच्या सुमारास असतो. घड्याळ लावलं असतं तर दर महिन्याला बदलावं लागलं असतं. इथे अक्षांश-रेखांश एकदा दिले की झालं. दिवेलागणीला घर अंधारात नसतं, हे आईला सगळ्यात आवडलेलं ऑटोमेशन.

खर्चाचं विचारतात म्हणून: संगणक, एसएसडी आणि डोंगल मिळून दहा हजारांच्या आत, मॉड्यूल प्रत्येकी ८०० ते १,२०० रुपये, मोटरचं पॅनेल वायरमनच्या मजुरीसह वेगळं. सगळं एकदम घेतलं नाही, दर महिन्याला एक-दोन नग. तेच बरं पडतं. एक गोष्ट घरात रुळली की मगच पुढची.

अजून अडलेलं काम हौदाचं आहे. हौदात पाणी किती आहे ते मला मोटर लावण्याआधी कळायला हवं, मोटर कोरडी पडल्यावर नको. आवाजाच्या लाटांनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून पाहिला, पण झाकणाखाली वाफ धरते आणि थेंब जमून आकडे उड्या मारतात. शिवाय तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसतच नाही, आणि पूर्ण भरला की आमच्या हौदाचं पाणी तेवढंच खाली असतं. आता तळाशी सोडायचा दाबाचा सेन्सर मागवला आहे. पुढच्या आठवड्यात हौद उपसून धुवायचा आहे, तेव्हाच तो बसवून घेईन.