धंद्यातली केस मिटवायला गेलो होतो, वकिलांच्या ऑफिसचा अनुभव (४ स्टार)

कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचजवळ, सीपीआर हॉस्पिटलच्या बाजूला एका वकिलांचं ऑफिस आहे त्याबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात चालत नाही म्हणून त्यांनीच नको म्हटलंय.

मॅटर असं की उद्यमनगरात आमचं मशीन शॉप, शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याशी जुना व्यवहार, पैशावरनं बिनसलं आणि त्यानं ४२०, ४०६ म्हणजे फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं लावली, वर माल पाठवल्याच्या चलनावरच्या सह्या खोट्या म्हणून ४६८, ४७१ ही बनावट कागदाची पण. पुढं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसवून हिशोब मिटवला, आता मिटलं म्हणजे केस संपली असंच सगळ्यांना वाटतंय ना, आधीचे वकील पण "अर्ज टाकूया, होतंय" म्हणत नुसत्या तारखा घेत होते, फी मात्र दर तारखेला रोख.

ह्या वकिलांनी चार्जशीट बघितल्या बघितल्या सांगितलं, ४२०, ४०६ खालच्या कोर्टात परवानगी घेऊन मिटवता येतंय पण ४६८, ४७१ तडजोडीत बसत नाही, त्यासाठी हायकोर्टच. गुन्हा रद्द करायला हायकोर्टात ज्या कलमाखाली अर्ज करतात, पूर्वी ४८२ म्हणायचे, ते १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ५२८ झालंय. सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा ग्यान सिंग निकाल पण समजावून सांगितला, की वाद धंद्याचा, खासगी असेल आणि खरंच मिटला असेल तर हायकोर्ट गुन्हा रद्द करू शकतं, खून, बलात्कार, दरोडा असलं काही असेल तर तडजोड कामाची नाही. आणि गॅरंटी कुणी देत असेल तर त्याच्या दारात जाऊ नका म्हणाले, हे मला लई पटलं.

खरं काम बघायला मिळालं ते फिर्यादीच्या अफिडेव्हिटमध्ये. समोरच्या पार्टीनं टाइप करून आणलेलं "मी तक्रार मागे घेतो", ह्यांनी लाल पेननं ती ओळच उडवली. गुन्हा एकदा नोंदवला की फिर्यादीला परत घेता येत नाही, "रद्द करण्यास माझी हरकत नाही" असं पाहिजे. किती रक्कम, कुठल्या डीडीनं, कुणाचा दबाव नाही, सगळं त्याच्याकडनं मोठ्यानं वाचून घेतलं, कारण कोर्टात फिर्यादीलाच उभं करून विचारतात. तसंच विचारलं पण. गुन्हा रद्द झाला, पोलिसांचा आणि कोर्टाचा वेळ घेतला म्हणून दोघांनी थोडी रक्कम भरायची असा आदेश झाला, ते आधीच सांगून ठेवल्यामुळं धक्का बसला नाही.

बेंच ऑगस्ट २०२५ ला इथं सुरू झालं हे तर आपलं नशीबच, नाहीतर असल्या कामाला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबई, लॉजचं भाडं आणि फिर्यादीला पण सोबत न्यायचं, तो वाटेत फिरला तर काय करणार! सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना पण आता इथंच यायचंय.

एक स्टार कापला तो ऑफिसमुळं. ज्युनिअर फोन उचलत नाहीत, झेरॉक्स-टायपिंगचं बिल वेगळं लावतात आणि ते आधी सांगत नाहीत. ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी पोलीस स्टेशनला आणि खालच्या कोर्टात द्यायची असते, नाही दिली तर तिकडं तारखा पडतच राहतात, ते मलाच मागं लागून करून घ्यावं लागलं. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगचा नाद सोडा, रिक्षानं जावा.