पीयूसीत नापास गाडी, आणि आमचाच कॅट आम्हालाच विकला

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत धूर साफ करणारा एक स्टीलचा डबा असतो. कॅटलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत नुसता 'कॅट'. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात गायब व्हायचे, ते याच जाळीसाठी. आमचा कॅट रात्री कोणी चोरला नाही. भर दुपारी, आम्ही गॅरेजच्या बाकावर चहा पीत बसलेलो असताना तो काढला, कापला, रिकामा केला, वर चंदेरी रंग मारून परत बसवला आणि नवा म्हणून आमच्याकडून साडेचौदा हजार रुपये घेतले. नाशिकमध्ये पंधरा वर्षं पुऱ्या होत आलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी बाबांची. मारुतीची छोटी पेट्रोल, २०१० ची. इंदिरानगर ते गंगापूर रोड, कधी मंडई, आणि वर्षातून एकदा वणीला गडावर, एवढंच तिचं जग. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा. उशीर झाला तर चारचाकीला महिन्यामागे पाचशे रुपये जादा. पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायला न्यायची तर पीयूसी (धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट) चालू हवी, आणि आमची संपलेली होती.

पाथर्डी फाट्याकडे जाताना सर्व्हिस रोडला एक पीयूसीची व्हॅन उभी असते, तिथे गेलो. पोऱ्याने नळी सायलेन्सरमध्ये घातली, लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, नापास. सीओ एक पॉइंट चार येतोय, पॉइंट पाचच्या आत पाहिजे."

आकडा खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगते. या धंद्यातली फसवणूक खऱ्या आकड्यावर उभी असते, म्हणून ती पटते. आमची गाडी भारत स्टेज तीनची, म्हणजे धुराच्या सरकारी मानकाच्या तिसऱ्या टप्प्यातली. (२०१० मध्ये स्टेज चारच्या शहरांत मुंबई, पुणे आणि चक्क सोलापूर होतं, नाशिक नव्हतं.) स्टेज तीनच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा. स्टेज चारला ती ०.३ आणि २०० इतकी कडक, पण त्यांना पीयूसी वर्षाची मिळते, आम्हाला सहा महिन्यांची.

मी नापासची पावती मागितली. "ती निघत नाही ताई, कागद पासचाच निघतो." हे मात्र धादांत खोटं. जून २०२१ मध्ये केंद्राने पीयूसीचे नियम बदलले तेव्हा देशभर एकच नमुना आणला, त्यावर क्यूआर कोड आणला, मालकाचा मोबाइल नंबर सक्तीचा केला, आणि नापास गाडीला नकाराची स्लिप द्यायची, त्यावर कारण आणि आकडे छापायचे, हेही तेव्हाच आलं. ही स्लिप हातात असली की ती दाखवून कुठल्याही गॅरेजला जाता येतं किंवा दुसऱ्या केंद्रावर पडताळून घेता येतं. नेमकं म्हणूनच ती मिळत नाही.

पुढचं वाक्य तयारच होतं. "असेच फिरलात आणि पकडलं तर दहा हजार." कायद्यात तेवढा कमाल दंड आहेच, २०१९ च्या दुरुस्तीपासून, वर तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. बाबांसारख्या, आयुष्यात एकदाही चलन न फाडलेल्या माणसाला एवढं ऐकवणं पुरतं. "समोरच्या गॅरेजला दाखवा, माझं नाव सांगा. ते काम करतील, मी लगेच पास करून देतो."

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि बंद केलं. स्कॅनर लावला नाही, प्लग काढले नाहीत, एअर फिल्टरच्या डब्याला हातसुद्धा लावला नाही. "ताई, कॅट गेला. पंधरा वर्षांत जातोच. कंपनीचा अडतीस हजार, तोही मिळत नाही. आपल्याकडे दुसऱ्या मेकचा आहे, साडेचौदा हजार फिटिंगसकट. पास व्हायची गॅरंटी माझी."

ही पासची गॅरंटी ज्याने दिली, त्याच्याकडून गाडी परत घेऊन निघावं असं माझं आताचं मत आहे. मेकॅनिक भागाची गॅरंटी देऊ शकतो, कामाची देऊ शकतो. मशीन काय आकडा दाखवेल याची गॅरंटी देणारा एक तर मशीनवाल्याचा भागीदार असतो किंवा मशीनवाला त्याचा.

काम झाल्यावर जुना कॅट द्या म्हटलं तर उत्तर आलं, "तो एक्स्चेंजमध्ये गेला, म्हणून तर साडेचौदात बसलं." मी अकाउंट्समधली, हिशेबात चपखल बसणारं उत्तर होतं. पावती मात्र कच्ची, जीएसटी नंबर नाही, 'कॅट चेंज १४,५००' एवढंच. पैसे बाबा रोख द्यायला निघाले होते, मी यूपीआयने दिले. पुढे ते कामाला आलं.

व्हॅनकडे परत गेलो आणि गाडी पास झाली. पेट्रोल कारला २०२२ मध्ये ठरलेला दर १२५ रुपये आहे, त्याने ३०० घेतले. "अर्जंट आहे ना!" सर्टिफिकेटवर सीओ ०.०२, हायड्रोकार्बन ११. घरी येऊन ते आकडे पाहिले तेव्हाच कसंसं झालं. शोरूममधून कालच निघालेल्या गाडीला शोभतील असे आकडे पंधरा वर्षांच्या इंजिनाने कुठून आणले? नंबरप्लेटचा फोटो आमचाच होता. नळी कुठल्या गाडीत होती ते त्या पोऱ्यालाच ठाऊक. ती सायलेन्सरमध्ये निदान फूटभर आत जायला हवी असते. तोंडाशी नुसती टेकवली की धुरात बाहेरची हवा मिसळते आणि आकडे गोड येतात. आम्हाला त्याने व्हॅनच्या पुढच्या बाजूला ओटीपी सांगायला बोलावून घेतलं होतं.

मग गाडीला वास यायला लागला. सिग्नलला उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा भपकारा आत यायचा. आवाज बदलला, थोडा फाटका झाला. बाबा म्हणाले, "नव्या भागाने गाडी बिघडते कशी?" मावसभावाने नाशिक रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांना सगळे चाचाच म्हणतात, म्हणून मीही चाचाच लिहिते.

चाचांनी गाडी रॅम्पवर घेतली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कॅटवर ठकठक केलं. रिकाम्या डब्याचा आवाज आला. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या कॅटवर तसंच ठोकून दाखवलं, तिथे आवाज बसका, भरीव. मग बॅटरी मारली. डब्याच्या कडेला ताज्या वेल्डिंगची आडवी शिवण, त्यावर रंग. बाबा वाकून पाहत होते. ते एकदम म्हणाले, "अरे, हा पोचा तर नांदुरीच्या घाटातला!" गडावरून उतरताना दगड उडून लागला होता, तेव्हाचा पोचा. दुसऱ्या मेकच्या नव्या भागाला आमच्या घाटातला पोचा कसा पडेल?

चाचांनी शेजारच्या केंद्रावर, माणूस ओळखीचा असूनही, रीतसर पैसे भरायला लावून गाडी तपासून घेतली आणि नकाराची स्लिप मागून घेतली. सीओ ३.६, हायड्रोकार्बन ५४०. आधी एक पॉइंट चार, आता साडेतीनच्या वर. म्हणजे 'गेलेला' कॅट बिचारा इतके दिवस काम करत होता! इंजिन जास्त पेट्रोल पीत होतं, त्यातून निघालेली घाण तो जमेल तेवढी जाळत होता. तो काढल्यावर सगळं सरळ बाहेर यायला लागलं.

मग इंजिन जास्त पेट्रोल का पीत होतं? चाचांनी आधी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. गाडी एवढी चालून आली तरी टेम्परेचरचा काटा पाव भागाच्या वर चढलाच नव्हता. आम्हाला ते चांगलं लक्षण वाटायचं, गाडी तापत नाही म्हणून. कधीतरी उन्हाळ्यात गाडी तापली असताना कोणा मेकॅनिकने थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढून टाकला होता. आपल्याकडे हा सर्रास चालणारा इलाज आहे. वॉल्व्ह नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन हवं तेवढं गरम होतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच सेल मारलाय, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं मोजमाप बाजूला पडतं. शिवाय प्लग झिजलेले, एअर फिल्टर काळा. थर्मोस्टॅट, कूलंट, प्लग, फिल्टर, मजुरी मिळून अडीच हजारांच्या आसपास बिल झालं. सुरुवातीलाच एवढं केलं असतं तर गाडी जुन्या कॅटवर पास झाली असती, असं चाचांचं ठाम म्हणणं आहे.

पण आता जाळीच नव्हती. दुरुस्तीनंतर आकडा ०.८ वर आला आणि तिथेच अडला. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचे सल्ले दोघातिघांनी दिले. रिकाम्या डब्यावर बाटली काय करणार? शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून कंपनीचा कॅट मागवला. एकवीस हजारांच्या वर गेला, अडतीस नव्हे, आणि 'मिळत नाही' असंही काही नव्हतं. चाचांनी बजावलं होतं, थंड गाडी मशीनवर लावायची नाही. कॅट चांगला तापल्याशिवाय काम करत नाही. बाबा हायवेने आडगावपर्यंत जाऊन आले आणि इंजिन बंद न करता थेट तपासणीला लावली. ०.१८. पंधरा वर्षांच्या गाडीचा खरा आकडा असा दिसतो.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो ओळख दाखवेना. "मधे तुम्ही कुठे काय करून आणलं, मला काय माहीत?" वेल्डिंगचे फोटो, कच्ची पावती, यूपीआयची नोंद आणि नकाराची स्लिप जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर त्याचा मेहुणा घरी आला, सात हजार रुपये ठेवले आणि "ताई, मिटवून टाका" म्हणाला. सात हजार मिळाल्याची सही दिली, मिटवल्याची दिली नाही. त्याने आणलेल्या कागदावर दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं होतं. ते खोडून माझं वाक्य लिहिलं.

उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली होती, तिचा क्रमांक तक्रारीत घातला. व्हॅनबद्दल आरटीओला वेगळा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यात 'गैरव्यवहार' वगैरे शब्द न वापरता फक्त दोन कागद शेजारी ठेवले, एकाच गाडीचे, एकावर ०.०२ आणि दुसऱ्यावर ३.६. कुणाला आपलं सर्टिफिकेट तपासायचं असेल तर परिवहनच्या पीयूसी पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की ते दिसतं. तिथे आपल्या गाडीच्या वयाला न शोभणारे आकडे दिसले तर कौतुक करत बसू नका.

गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण आयोगापुढे आहे. पण गाडी कॅटच्या कामाला देणार असाल तर आधी त्या डब्याचा चारही बाजूंनी फोटो काढा, जुना भाग परत हवा असं कामाच्या कागदावर लिहून घ्या, आणि 'एक्स्चेंज' म्हणाले तर एक्स्चेंजची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा. आमच्या नव्या कॅटवर चाचांनी पंचाने गाडीचा नंबर ठोकून दिला आहे. त्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त बाबांना म्हणाले, "आता ह्याला घाटात पोचा पाडू नका." आयोगाची पुढची तारीख लागायची आहे.