जॉब सांभाळून क्लीन टेक शिकायचंय: इग्नूचा डिप्लोमा की बीईईची परीक्षा?

दोन्हीचा अभ्यास घरबसल्या होतो, पण प्रकार एकदम वेगळा. इग्नूचा पर्यावरण आणि शाश्वत विकासाचा पीजी डिप्लोमा कुठलाही ग्रॅज्युएट करू शकतो, बीकॉमवाला पण. किमान १ वर्ष, जमलं नाही तर लांबवता येतो, जून नाहीतर डिसेंबरला पेपर. असाइनमेंट मात्र वेळेत टाका, लोकं तिथेच लटकतात. मटेरियल इग्नूच्याच ईज्ञानकोश साइटवर फुकट आहे, आधी वाचून बघा झेपतंय का.

बीईई म्हणजे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो. त्यांची एनर्जी मॅनेजर/ऑडिटर (कारखान्यातला ऊर्जेचा वापर सांभाळणारा/तपासणारा) परीक्षा म्हणजे कोर्सच नाही, अभ्यास तुमचा तुम्ही करायचा. इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा असला तरी वर अनुभव लागतोच, फ्रेशरने नाद सोडा. मॅनेजरला ३ पेपर, ऑडिटरला ४, आणि चौथा ओपन बुक आहे म्हणून खूश होऊ नका, बॉयलर फर्नेसची गणितं पुस्तक उघडं ठेवूनही घाम काढतात. पण २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामुळे सिमेंट, स्टीलसारख्या जास्त वीज-इंधन खाणाऱ्या ठरावीक कारखान्यांना सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर ठेवावाच लागतो, त्यामुळे प्लांटमध्ये असाल तर माझं मत सरळ बीईईला. सीएसआर (कंपन्यांचं सामाजिक काम), एनजीओवाल्यांना इग्नू बरं.